वकील न लावता दिवाणी दावा ऑनलाइन दाखल करताना: सोलापूर जिल्ह्यातले नेहमीचे प्रश्न

ई-फाइलिंगचे पोर्टल चालवायला फार हुशारी लागत नाही. मोबाइलवर रेल्वेचे तिकीट काढणाऱ्याला दावाही अपलोड करता येतो. खरी गोम वेगळीच आहे. पोर्टल तुमचे कागद घेते, पण दावा बरोबर बसला आहे का हे सांगत नाही. मुदत टळलेली असो, कोर्ट चुकलेले असो किंवा मुख्य मागणीच लिहायची राहिलेली असो, रकाने भरले की गाडी पुढे सरकते. म्हणून खालच्या उत्तरांत बटणांपेक्षा कागदांवर जास्त जागा खर्च केली आहे. फौजदारी आणि कौटुंबिक प्रकरणे इथे घेतलेली नाहीत.

वकिलाशिवाय दावा लढवता येतो का? कोर्ट हाकलून तर देणार नाही?

लढवता येतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३ प्रमाणे पक्षकार स्वतः हजर राहून आपले काम चालवू शकतो. पण 'स्वतः' याचा अर्थ फक्त स्वतःपुरते. वडिलोपार्जित जमिनीच्या दाव्यात तुम्ही तिघे भाऊ वादी असाल तर एकाने उठून तिघांची बाजू मांडायची नाही, प्रत्येकाला हजर राहावे लागते. पुण्याच्या भावाने तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र दिले असेल तर त्याच्या वतीने सह्या करणे, कागद देणे, पैसे भरणे ही कामे तुम्ही करू शकता. युक्तिवादाला उभे राहायचे असेल तर वकील कायद्याच्या कलम ३२ खाली कोर्टाची परवानगी मागावी लागते, आणि ती मिळेलच असे नाही.

स्पष्टच सांगायचे तर, लेखी कबुली असलेल्या उसनवारीच्या दाव्यात स्वतः उभे राहायला हरकत नाही. तीन पिढ्यांचे वाटप, त्यात एक मृत्युपत्र आणि दोन बक्षीसपत्रे, अशा प्रकरणात मात्र वकिलाची फी वाचवणे महागात पडते.

वकील परवडत नाही म्हणूनच स्वतः लढतोय. दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि तो लोक विचारतच नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विडी वळणाऱ्या बाईला 'तुझा दाखला आण' म्हणून परत पाठवायचे कारण नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करायचा. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.

पोर्टलवर कोर्टांची यादी येते. त्यातले कोणते निवडू?

जमीन किंवा घराचा वाद असेल तर मालमत्ता जिथे आहे तिथले कोर्ट. तुम्ही सोलापुरात जुळे सोलापूरला राहता, पण जमीन बार्शी तालुक्यात आहे, तर दावा बार्शीला. पैशाच्या दाव्यात प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर व्यवहार पूर्ण किंवा काही अंशी जिथे घडला तिथे दावा लावता येतो. जिल्ह्यात अक्कलकोट, करमाळा, पंढरपूर, बार्शी, मंगळवेढा, माढा, माळशिरस, मोहोळ, सांगोला अशी तालुक्यांची न्यायालये आहेत. पोर्टलवर आधी राज्य, मग जिल्हा, मग न्यायालयाचे आवार निवडावे लागते. 'सोलापूर' दिसले की लोक डोळे मिटून तेच दाबतात. त्यानंतर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर की वरिष्ठ स्तर हे दाव्याच्या मूल्यांकनावरून, म्हणजे दावा किती रकमेचा धरला आहे त्यावरून, ठरते. मालमत्ता आणि पैशाचा व्यवहार एकाच दाव्यात गुंतलेला असेल तर आधी कोणाला तरी विचारून घ्या. कोर्ट चुकले तर दावा परत मिळतो, तेवढे महिने वाया जातात.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. व्यापाऱ्याकडे साडेचार लाख अडकलेत. थेट दावा टाकू?

थांबा. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यातला मालाचा व्यवहार आणि रक्कम ३ लाख किंवा त्याहून जास्त, म्हणजे हा वाणिज्यिक वाद झाला. वाणिज्यिक न्यायालये कायदा, २०१५ च्या कलम १२-अ प्रमाणे तातडीची दाद मागायची नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून लावलेला दावा नामंजूर होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात हे पक्के केले. मध्यस्थीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करतात. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत, त्यामुळे 'तोपर्यंत दावा लावायची तीन वर्षांची मुदत संपेल' ही भीती नको. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो. तो दाव्याला जोडायचा.

सूतवाला, साइझिंगवाला, जॉबवर कापड विणून देणारा यंत्रमागधारक, या सगळ्यांनी दावा लिहायच्या आधी हा मुद्दा तपासावा. सोलापुरात असे वाद पुष्कळ असतात.

तीन वर्षांची मुदत कधीपासून मोजायची?

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे. उसने पैसे दिले असतील तर दिल्या तारखेपासून तीन वर्षे. माल दिला आणि उधारीची मुदत ठरलेली नव्हती तर माल पोचवल्यापासून. साठ दिवसांची उधारी ठरली होती तर ते साठ दिवस संपल्यापासून. तीन वर्षे संपण्याआधी समोरच्याने सहीनिशी देणे कबूल केले, किंवा थोडी रक्कम भरली आणि त्याची त्याच्या हातची नोंद आहे, तर तिथून पुन्हा तीन वर्षे. तोंडी 'देतो की हो' याला इथे किंमत नाही.

शेवटचा दिवस कोर्टाच्या सुटीत आला तर कोर्ट उघडल्याच्या दिवशी दाखल करता येते. कागदावर दाखल करा की संगणकावर, मुदतीचा कायदा एकच. पोर्टल रात्रीही उघडे असते म्हणून शेवटच्या रात्री बसणारे असतात. तेव्हाच ओटीपी येत नाही, पैसे कापले जातात पण पावती येत नाही. मुदत जवळ आली असेल तर चार-पाच दिवस हाती ठेवा. तरीही पोर्टल अडले तर पडद्याचा तारीख-वेळेसह फोटो घ्या आणि दुसऱ्याच दिवशी फाइलिंग विभागात लेखी अर्ज द्या.

नोंदणी कशी करायची?

फाइलिंग डॉट ईकोर्ट्स डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर, वकील म्हणून नव्हे तर पक्षकार म्हणून. मोबाइल आणि ईमेलवर ओटीपी येतात, ओळखपत्र जोडावे लागते. नोंदणी फुकट आहे. मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्या. नेट कॅफेवाल्याचा किंवा पुतण्याचा क्रमांक दिला की पुढच्या सगळ्या सूचना त्याच्याकडे जातात आणि तुम्हाला तारीख कळते ती उलटून गेल्यावर.

संगणक जमत नसेल तर न्यायालयाच्या आवारातल्या ई-सेवा केंद्रात जा. अपलोड करणे, प्रकरणाची स्थिती पाहणे, फी भरणे याला तिथे मदत मिळते. दावा लिहून देणे मात्र त्यांचे काम नाही.

दाव्यात नेमके काय लिहायचे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ प्रमाणे दाव्यात कोर्टाचे नाव, दोन्ही पक्षांची नावे-पत्ते, हकीकत, दाव्याला कारण कधी आणि कुठे घडले, या कोर्टाला अधिकार कसा आहे, मूल्यांकन किती, फी किती भरली आणि मागणी काय, एवढे यायलाच हवे. जमीन असेल तर गट नंबर आणि चतुःसीमा. घर असेल तर सिटी सर्व्हे नंबर. 'आमच्या वाड्यामागची मोकळी जागा' एवढ्यावर कोणताही बेलिफ (कोर्टाचे हुकूम बजावणारा कर्मचारी) ताबा देऊ शकत नाही.

हकीकत तारखेच्या क्रमाने लिहा. एका परिच्छेदात एकच गोष्ट आणि प्रत्येकाला क्रमांक. प्रतिवादी लबाड आहे, त्याने गावात तिघांना बुडवले, त्याच्या मेव्हण्याची पतसंस्थेत ओळख आहे, हे सगळे खरे असले तरी गाळा. त्याऐवजी असे वाक्य चालते: 'दिनांक अमुक रोजी वादीने प्रतिवादीस २,००,००० रुपये बँक खात्यातून दिले, त्याचा उतारा दस्तऐवज यादीत अनुक्रमांक ३ वर दाखल आहे.' रक्कम, तारीख, पुरावा, तिन्ही एका ओळीत आले.

मागणीचा परिच्छेद शेवटी येतो आणि घाईत उरकला जातो. तसे करू नका. एकाच कारणातून जे मागता येते ते सगळे त्याच दाव्यात मागायचे असते. सोडून दिलेल्या भागासाठी नंतर वेगळा दावा लावायला त्याच संहितेच्या आदेश २ चा नियम २ आडवा येतो. मुद्दल मागितले आणि व्याज लिहायचे विसरले, असे दावे नेहमी दिसतात.

सरकारविरुद्ध दावा असेल तर त्याच संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. महापालिकेच्या कायद्यातही नोटिशीची स्वतंत्र अट आहे.

दावा मराठीत चालेल का?

हो. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवलेली आहे. अडचण भाषेची नसून फॉन्टची येते. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट अजून श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकन करतात. तो मजकूर पोर्टलच्या रकान्यात चिकटवला की 'वादी'च्या जागी चौकोन आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. टायपिस्टला पहिल्याच वाक्यात सांगा: युनिकोडमध्ये करा आणि पीडीएफ द्या. पक्षकारांची नावे इंग्रजीत भरताना स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे ठेवा. एका ठिकाणी 'कुलकर्णी' एका तऱ्हेने आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या, असे झाले की नावाने शोधताना प्रकरण सापडत नाही.

जुने खत मोडीत आहे. अक्कलकोटच्या शेताचे काही कागद कन्नडमध्ये आहेत. काय करू?

मूळ कागदाच्या स्कॅनला मराठी भाषांतर जोडा. मोडीला जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या आणि त्यावर त्याची सही घ्या. आपल्याकडे कन्नड, तेलुगू, उर्दू वाचणारे घरोघर सापडतात. म्हणून लोक शेजाऱ्याकडून वाचून घेतात आणि अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहितात. उलटतपासात असे भाषांतर टिकत नाही. भाषांतर करणारा साक्षीला उभा राहू शकेल असा असावा.

स्कॅनिंग मोबाइलने चालेल?

चालते, पण बघून करा. चोपडीचे पान फोटोत घेतले की मधल्या शिवणीजवळची रकमेची ओळ वाकते आणि नेमका शेवटचा शून्य सावलीत जातो. कार्बन लावून फाडलेल्या डिलिव्हरी चलनाची निळी अक्षरे काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये उडतात, ती रंगीतच करा. ए-४ आकार आणि ३०० डीपीआय ठेवा. पाने सरळ असावीत. प्रत्येक दस्त वेगळी पीडीएफ, नावही समजेल असे, जसे '०३ बँक उतारा'. दस्तांच्या यादीतला क्रम आणि अपलोडचा क्रम एक ठेवा. पानांना सलग क्रमांक घाला, कारण न्यायाधीश 'पान ४२ काढा' म्हणतात तेव्हा तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे एकच पान उघडायला हवे.

मूळ कागद जपा. स्कॅन दिला म्हणून मूळची गरज संपत नाही. पुराव्याच्या वेळी कोर्ट मूळच मागते. अपिलाचे सगळे संपेपर्यंत ते तुमच्याकडे हवेत. अपलोड केलेल्या सगळ्याचा कागदी संचही तयार ठेवा. कोर्टासाठी एक आणि प्रत्येक प्रतिवादीसाठी एक धरून चाला.

व्हॉट्सअॅपवर त्याने 'पैसे देतो' म्हटले आहे. स्क्रीनशॉट जोडला की झाले?

नुसत्या स्क्रीनशॉटने भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे (पूर्वीचे ६५-ब). त्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्रमाणपत्र जोडावे लागते. नमुन्याचे दोन भाग आहेत: एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आणि तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका, नातवाला गेम खेळायला देऊ नका.

प्रतिज्ञापत्राला शंभराचा की पाचशेचा स्टँप?

कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. शासनाने २००४ मध्येच ही माफी दिलेली आहे. तरी आवाराबाहेर कोणीतरी स्टँप पेपर गळ्यात मारतोच. दावा खरा असल्याचे सत्यापन दाव्याच्या शेवटी सहीनिशी हवे, आणि सोबत प्रतिज्ञापत्र हवे. डिजिटल सहीसाठी आधारवरची ई-साइन वापरता येते. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला असावा. नसेल तर छापून, पानोपान सही करून, ते स्कॅन करा.

कोर्ट फी कशी भरायची? माफी कोणाला?

महाराष्ट्रात शासनाच्या 'ग्रास' प्रणालीतून ऑनलाइन भरता येते. चलनावरचा जीआरएन क्रमांक पोर्टलवर टाकायचा आणि चलनाची प्रत जपायची. पैशाच्या दाव्यात फी रकमेच्या टप्प्यांप्रमाणे चढते. कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे.

महिलांना मालमत्ता, पोटगी, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने फी माफ आहे. भावांविरुद्ध वाटणी मागणाऱ्या बहिणीने आधी फी भरून नंतर परत मागत बसू नये. दाव्यातच अधिसूचनेचा उल्लेख करावा. फी भरण्याची ऐपतच नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन म्हणून अर्ज करता येतो. प्रकरण लोकअदालतीत मिटले तर भरलेली फी परत मिळते.

सबमिट केले, क्रमांकही आला. आता दावा दाखल झाला ना?

अजून नाही. तो ई-फाइलिंगचा क्रमांक. त्यानंतर कोर्टातले कर्मचारी छाननी करतात आणि हरकती काढतात: फी कमी, पान वाचता येत नाही, सत्यापनावर सही नाही, पत्ता अपुरा. हरकती तुमच्या खात्यात दिसतात, दुरुस्त करून पुन्हा पाठवायच्या. पास झाल्यावर दाव्याला नोंदणी क्रमांक आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो सीएनआर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ई-कोर्ट्स अॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झाले त्याची नोंद), आदेश सगळे दिसते.

उद्याच शेजारी भिंत पाडणार आहे. मनाई हुकूम लगेच मिळेल का?

दाव्यासोबतच तूर्तातूर्त, म्हणजे तात्पुरत्या, मनाईचा अर्ज आणि त्याला वेगळे प्रतिज्ञापत्र द्या. कोर्टात याला सगळे 'निशाणी ५' म्हणतात (निशाणी म्हणजे कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक). अपलोड करून घरी वाट पाहू नका. कागदी संच घेऊन सकाळीच फाइलिंग विभागात जा आणि निकड आहे असे सांगा. समोरच्याला न ऐकता हुकूम हवा असेल तर एवढी घाई का, याचे कारण अर्जात लिहावे लागते. आजच्या तारखेचे फोटो जोडा.

उलट बाजूने, कोणी तुमच्याविरुद्ध असा हुकूम आणेल अशी शंका असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ चे कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस टिकते.

समन्स कोर्ट आपणहून पाठवते का?

समन्स भत्ता (समन्स बजावण्याचा खर्च) तुम्ही भरायचा, प्रती तुम्ही द्यायच्या. ते न केल्याने समन्स गेले नाही तर दावा निकाली निघू शकतो. समन्स 'पत्त्यावर सापडत नाही' म्हणून परत आले तर सात दिवसांत नव्याने अर्ज द्यावा लागतो. पेठेतला घर नंबर, जवळची खूण, कारखान्याचा पत्ता, जे जे माहीत आहे ते बेलिफाला द्या.

मलाच समन्स आले आहे. मी काय करू?

समन्सवरची तारीख आणि ते हाती पडल्याची तारीख दोन्ही लिहून ठेवा. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचे उत्तर, ३० दिवसांत द्यायची. कोर्ट कारण नोंदवून ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते, क्वचित खर्च लावून त्यापुढेही. वाणिज्यिक दाव्यात १२० दिवसांनंतर दार बंद. कैफियतीत दाव्याच्या प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्या. नुसते 'सर्व खोटे' चालत नाही, जे नाकारले नाही ते कबूल धरले जाऊ शकते. पोर्टलवर तुमचे खाते उघडून त्याच प्रकरणात कैफियत दाखल करता येते.

आषाढी वारीमुळे तारखेला जाता आले नाही. आता?

वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असेल तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. पुन्हा बोर्डावर घेण्यासाठी ३० दिवसांत सबळ कारणासह अर्ज करा. प्रतिवादी हजर नसताना त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा (दाव्याचा अंतिम हुकूम) झाला असेल तर तो रद्द करून घ्यायलाही ३० दिवसच आहेत. जाता येणार नाही हे आधी कळले असेल तर पुढची तारीख मागणारा अर्ज आधीच द्या. वारीच्या तारखा वर्षभर आधी ठाऊक असतात आणि न्यायाधीशांनाही त्या ठाऊक असतात.

निकाल विरोधात गेला तर मुंबईला जावे लागेल का?

खालच्या दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील असेल तर ३० दिवस आणि उच्च न्यायालयात असेल तर ९० दिवस मिळतात. पहिल्याच दिवशी निकालाच्या नकलेचा अर्ज द्या. नक्कल मिळायला लागलेला काळ मुदतीतून वजा होतो. सोलापूर जिल्ह्याची उच्च न्यायालयातली प्रकरणे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, मुंबईची फेरी वाचली. तिथेही स्वतः उभे राहता येते, मात्र वकिलाशिवाय बाजू मांडणाऱ्याची तयारी आधी उच्च न्यायालयाची समिती पाहते. तिच्यापुढे जाताना खालच्या कोर्टातल्या निशाण्यांची यादी आणि निकालाची नक्कल सोबत असू द्या.